दहातलं एक

परवा एका पुस्तकाच्या प्रकाशनाला गेले होते. पाहुण्यांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "ते म्हणतात ना, रहस्यकथा काय अन् भुताखेताच्या गोष्टी काय, दहातल्या नऊ टाकाऊच!" सभागृह हसलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी तर मान डोलावून शेजाऱ्याला कोपर मारलं, जसं काही हा शोध त्यांनीच लावला होता.

मला उभं राहून विचारायचं होतं, "ते" म्हणजे कोण हो? म्हणी काय आभाळातून पडतात? कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, कुणावर तरी भडकलेलं असतं, तेव्हा त्या तोंडातून निघतात. ही निघाली ती माझ्या आत्याच्या तोंडून. आणि पाहुणे जे बोलले ते तिचं अर्धं वाक्य. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते आज सांगते, कारण आता मलाही ते ऐकवत नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "शेवट आधीच कळला होता, मग पुढे कशाला वाचू?" नोकरी वाचनालयात. वाचनालय चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, त्यामुळे जिन्यात कायम चामड्याचा आणि डिंकाचा वास. वर आलं की समोर मोठा हॉल, तिथं काचेची कपाटं, त्यांना पितळी कुलपं. चरित्रं, कविता, निबंध, थोरामोठ्यांची समग्र वाङ्मयं. हॉलच्या मागे, मोरीला लागून, एक लांबट खोली. छताला ओल, भिंतीला लोखंडी रॅक, एकच ट्यूबलाइट, तीही बोलावल्यासारखी तिसऱ्या हाकेला पेटणारी. तिथं रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा आणि अगदी खालच्या फळीवर प्रेमकथा. कमिटीतले लोक तिला "मागची खोली" म्हणायचे. पण ते "मागची" अशा सुरात, की ऐकणाऱ्याला आधी मोरीच आठवावी.

आत्याची खुर्ची त्या खोलीच्या दारातच असायची, अर्धी आत अर्धी बाहेर. खोलीतलं जवळजवळ सगळं तिनं वाचलेलं. आणि नाकावर राग असा, की नवा माणूस पुस्तक मागायला बिचकायचा. जुने मात्र तिच्या शिव्या खायलाच यायचे. एक अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता, तो ड्युटी संपली की जिना चढून थेट तिच्यासमोर.

"बाई, हे कसंय?"

"भिकार."

"मग हे?"

"महाभिकार. खुनी दुसऱ्याच पानावर उगाच शिंकतो, तिथंच कळतं."

"मग ठेवलंय कशाला?"

"चांगलं कशाला म्हणतात ते तुला कळावं म्हणून. हे घे. हे ने. आणि गाडीत वाचू नकोस, मागचा पेशंट आधीच कादंबरीत असल्यासारखा असतो."

त्या खोलीतल्या वाचकांची एक रीत होती. रहस्यकथांची नावं सगळी एका आईची लेकरं. कुठं रक्त, कुठं सावली, कुठं दोन्ही. मुखपृष्ठावर तीच बाई, तसाच चाकू. मग आपण हे वाचलंय की नाही हे लक्षात कसं राहणार? म्हणून पुस्तक संपलं की जो तो शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपली बारीकशी खूण करून ठेवायचा. ड्रायव्हरचा क्रॉस. गल्लीतल्या शिंपीणबाईंचं बटण, गोल आणि आत दोन टिंबं. कुणाचा मासा, कुणाची नुसती वेलांटी. पुढच्या वेळी पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचं, आपली खूण दिसली की परत ठेवायचं. आत्यानं त्या खुणा कधी खोडल्या नाहीत, कुणाला खोडू दिल्या नाहीत. कारण तिच्या लक्षात आलं होतं, की खूण शेवटी असते. म्हणजे जो शेवटपर्यंत पोचला त्याचीच असते. कंटाळून अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकावर कुणी खूण करत नाही. काही पुस्तकांचे ते कोपरे पाटीसारखे कोरे राहिले, आणि काहींच्या शेवटच्या पानावर जत्रा भरलेली. बाइंडिंग ढिलं, पुठ्ठा तुटलेला, पानं कानाच्या पाळीसारखी मऊ. कुठलं पुस्तक कसं आहे, हे आत्याला स्वतः वाचायच्या आधी त्या कोपऱ्यावरून कळायचं. वाचून मग ती शिवी द्यायची का नाही ते ठरवायची.

मग वाचनालयाला नवे अध्यक्ष आले. निबंधकार. त्यांची स्वतःची पुस्तकं काचेच्या कपाटात, बरोब्बर डोळ्यांच्या उंचीवर. त्यांना मागच्या खोलीच्या जागी "चर्चाकक्ष" पाहिजे होता. गोल टेबल, पंखा, भिंतीवर थोरांच्या तसबिरी. त्यासाठी कमिटीची सभा बोलावली आणि आत्यालाही बोलावलं, ग्रंथपाल म्हणून.

त्या सभेला मी नव्हते. पण ती आमच्या घरात एवढ्या वेळा झाली, की मी नव्हते असं म्हणणंही खोटंच. त्या संध्याकाळी आत्या आली ती चपला न काढताच आत. बाबांना म्हणाली, "बस तिथं. तू अध्यक्ष." बाबा निमूट बसले. समोरच्या स्टुलावर तिनं लोणच्याची बरणी ठेवली. "हा वकील." कमिटीचे सेक्रेटरी वकील होते. बरणीसारखेच गोल. आणि मग तिनं सगळ्यांचे आवाज काढत सभा सुरू केली.

अध्यक्ष म्हणाले, "मी त्या खोलीतली पुस्तकं परवा जरा चाळली. बाई, खरं सांगू? वाईट वाटलं मला. कचरा आहे हो."

"आहेच," आत्या म्हणाली.

"तुम्हालाही पटतं तर."

"पटतं म्हणजे? तुम्ही चाळलीत, मी वाचलीयत. दहातली नऊ टाकाऊच आहेत."

इथं वकिलांनी टेबलावर थाप मारली. "ऐका! बाईच म्हणतायत!"

"थांबा हो, वाक्य तर संपू द्या माझं. तुमच्या ह्या काचेच्या कपाटांतलीसुद्धा दहातली नऊ टाकाऊच. कविता बघा, चरित्रं बघा. निबंधांचं तर विचारूच नका."

"बाई!"

"खालच्या दुकानात जा, दहातल्या नऊ चपला चावतात. वकीलसाहेब, तुमच्या दहातल्या नऊ भाषणांना जज्ज पेंगतो. माणूस जे जे म्हणून करतो ना, त्यातलं दहातलं नऊ वायाच जातं! त्याचं मला काही नाही. पण तुम्ही कवितेला जोखता ते तिच्या दहाव्यावरून, आणि माझ्या खोलीला जोखता तिच्या नवांवरून. हा कुठला तराजू? दहातली नऊ टाकाऊ असतात, सगळ्यातच असतात, म्हणून दहाव्याकडे बघायचं असतं!"

हे झालं तिचं पूर्ण वाक्य. लांबलचक आहे, कबूल. संतापलेल्या माणसाची वाक्यं लांबच असतात.

मग वकिलांनी चहाचा घोट घेतला आणि हसून म्हणाले, "चला, म्हणजे एका मुद्द्यावर तरी एकमत. दहातली नऊ टाकाऊ." सगळी कमिटी हसली. आणि अध्यक्ष अत्यंत समंजस आवाजात, अगदी लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाले, "मग बाई, ते दहावं तुम्हीच निवडा. त्याला आपण पुढे हॉलमध्ये स्वतंत्र कपाट देऊ, मानानं. बाकीची काढून टाकू."

"आणि हॉलमधल्या कपाटांतली नऊ?"

"तो आजच्या सभेचा विषय नाही."

आत्या बाबांच्या समोर उभी राहून धापा टाकत होती. बाबांनी अध्यक्षपद सोडलं आणि हळूच म्हणाले, "ताई, पण मग बरंच झालं की. चांगली तेवढी वाचली."

"खुळ्या! तो मला न्याय देतोय की भीक, हे कळतंय का तुला?" मग चपला काढल्या. पाणी प्यायली. "पण हॉलमध्ये कपाट देतायत. पुढे. उजेडात. तेवढं मी घेणार."

त्या कपाटापायी तिनं मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. एकेक पुस्तक काढायचं, शेवटचं पान बघायचं, आठवायचं, ठेवायचं किंवा टाकायचं. टाकतानाही शिव्या चालूच. "तू जा. तूही जा. तुला तर लिहिणाऱ्यानंसुद्धा पुरतं वाचलेलं नाही." पुढे न्यायची पुस्तकं एका बाजूला, आणि जायची ती रॅकवर नीट लावून.

अशात एका दुपारी शिंपीणबाई आल्या. त्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे त्या नेहमी दात न उघडता बोलायच्या. खाली वाकून बघतात तर खालची फळी मोकळी.

"बाई, माझी फळी कुठाय?"

"गेली नवांत. ती बघ, पलीकडच्या रॅकवर."

"सगळी?"

"सगळी. प्रेमकथा गं त्या. तो येतो, ती रुसते, गाडी सुटते, तो पळतो. संपलं."

"वाचल्यात तुम्ही?"

"त्या कशाला वाचायला पाहिजेत?"

शिंपीणबाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि ब्लाउजच्या खांद्याला खोचल्या. "कोण बोललं हे?"

"काय?"

"नाही, आत्ता बोललं कोण? चाळून कचरा म्हणणारा माणूस पुढे हॉलमध्ये बसतो, असं तुम्हीच ओरडत होतात ना? तो इथं मागे कधीपासून बसायला लागला?"

"हे बघ, तोंड सांभाळून..."

"तुम्ही सांभाळा. तुम्ही तर चाळलीसुद्धा नाहीत!"

"चालती हो!"

"होतेच. पण माझी बटणं मोजायच्या भानगडीत पडू नका आता. मला शिवायचे आहेत कपडे, लोकांसारखं रिकामं बसायला वेळ नाही मला."

त्या गेल्या. आत्यानं दार एवढ्या जोरात आपटलं, की खालच्या दुकानदारानं वर बघून विचारलं, छत पडलं का. पण घरी आली ती पिशवीभर प्रेमकथा घेऊन. ज्यांच्या शेवटच्या पानावर बटण होतं तेवढ्या. दोन-तीन दिवस तिच्या खोलीतून फक्त पानं उलटल्याचा आवाज आणि मधूनच "शी!" किंवा "मूर्ख आहे ही" असं ऐकू यायचं. मग एका सकाळी ती गेली शिंपीणबाईंच्या दुकानात आणि उंबऱ्यातूनच म्हणाली,

"त्या नर्सनं ते पत्र फाडायला नको होतं."

शिंपीणबाईंनी मशीनवरून मान वर केली नाही. "कुठलं पत्र?"

"सोंग करू नकोस. बटण आहे तुझं."

"रडलात?"

"त्या खोलीत धूळ फार आहे."

"हं," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि कापडाच्या चिंध्यांचा एक भारा तिच्यापुढे ढकलला. "घ्या, गठ्ठे बांधायला."

त्या रंगीबेरंगी चिंध्यांनी आत्यानं दहाव्या वाट्याचे गठ्ठे बांधले. प्रेमकथांमधल्याही निवडक त्यात आल्या. गठ्ठे हॉलच्या दारात आणून ठेवले, कारण नवं कपाट दुसऱ्या दिवशी येणार होतं आणि नेमका तोच तिचा सुट्टीचा दिवस. वकिलांचा फोन आला, "काय बाई, वेगळी केलीत ना?" ही म्हणाली, "केली. दारात बांधून ठेवलीयत." आणि फोन ठेवला.

आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात दारापाशी बांधून ठेवलेलं काय असतं?

तेच. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आणि वकील आले, बरोबर भंगारवाला. एकीकडे रॅकवर सरळ रांगेत कोरी करकरीत पुस्तकं. एकीकडे दारात चिंध्यांनी बांधलेली फाटकी, पुठ्ठे लोंबणारी, आत पेन्सिलीनं गिरबटलेली. टाकाऊ कोणती, हे विचारायला त्यांना कुणाची गरज वाटली नाही. दोन सुशिक्षित माणसं आणि एक भंगारवाला, तिघांचंही लगेच एकमत झालं. गठ्ठे जिन्यावरून खाली गेले. आणि ती नऊ, ज्यांच्या शेवटच्या पानापर्यंत कुणी पोचलं नव्हतं, त्यातली मावली तेवढी नव्या कपाटात मानानं जाऊन बसली, उरलेली माळ्यावर चढली.

आत्या कामावर गेली तेव्हा अध्यक्ष त्या कपाटापुढे उभे होते. खुशीत.

"बाई, छान निवड केलीत. त्या खोलीत इतकी स्वच्छ पुस्तकं असतील, कल्पनाच नव्हती मला."

आत्यानं कपाटाकडे बघितलं. मग दाराकडे.

"गठ्ठे कुठायत?"

"रद्दीचे? गेले काल."

"ती... ती ठेवायची होती." तिचा आवाज सुरुवातीला बारीकच निघाला म्हणे. "ही जायची होती. ही नऊ आहेत."

"अहो, पण ती फाटली होती!"

"फाटली होती कारण वाचली होती!" हा मात्र चपलांच्या दुकानात ऐकू गेला. "ही कोरी का आहेत माहितीय? कुणाला संपवता आली नाहीत म्हणून!"

वकील म्हणाले, "बाई, शेवटच्या पानांवर पोरांनी काहीबाही काढलं होतं हो. बटणं, क्रॉस, मासे..."

"पोरांनी नाही! माणसांनी! तुमच्या दुप्पट वाचलेल्या माणसांनी!"

ड्रायव्हर तेवढ्यात पुस्तक बदलायला आला होता. त्यानं तिला खाली नेलं आणि गाडीत बसवलं. "सायरन लावू?" त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, "लाव." नियमात बसत नव्हतं, पण लावला. भंगाराच्या गोदामात पोचले तेव्हा तिथला माणूस दात कोरत होता. "पुस्तकं? ती गेली की ताई, ट्रकबरोबर. एव्हाना लगदा झाला असेल." त्याचा काय दोष? त्याला तिथं सगळंच एका भावात मिळतं.

महिन्याभरात चर्चाकक्षाचं उद्घाटन झालं. भिंतीला नवा रंग होता, पण ओल रंगातूनही वर आली होती. मी होते, बाबा होते. मागच्या खोलीचे वाचक शेवटच्या रांगेत, ड्रायव्हर गणवेशातच, शिंपीणबाई गळ्यात टेप घालूनच. अध्यक्षांनी पाहुण्यांना ते नवं कपाट दाखवलं. "आम्ही लोकप्रिय साहित्यालाही स्थान दिलंय," म्हणाले. मग त्यातलं एक काढलं, उघडलं आणि माइकवर एक परिच्छेद वाचून दाखवला. अत्यंत भिकार परिच्छेद होता. आत्यानंच टाकलेला. त्यात खुनी शिंकत होता. लोक पोट धरून हसले.

"आमच्याच ग्रंथपाल बाईंचं वचन आहे," अध्यक्ष हसत म्हणाले, "अशा साहित्यात दहातलं नऊ टाकाऊ असतं!"

"पुढचं म्हणा."

माना वळल्या. आत्या भिंतीशी उभी होती.

"काय म्हणालात?"

"वाक्याचं पुढचं म्हणा, सर."

"पुढचं म्हणजे?"

"अर्धंच झालं ते," शिंपीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"पुढचं म्हणा," ड्रायव्हर म्हणाला. मग आणखी कुणीतरी. मग मी पण म्हणाले. शेवटची सगळी रांग म्हणायला लागली, ओरडून नव्हे, नुसती एकामागून एक. पुढचं म्हणा. पुढचं म्हणा.

अध्यक्षांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी पंख्याकडे. आणि तेव्हा मला जे दिसलं त्याचा संताप अजून गेलेला नाही. तो माणूस काही लपवत नव्हता. लपवत असता तर परवडलं असतं. त्याला ते आठवतच नव्हतं. तो त्या सभेत तिच्याच टेबलाशी बसला होता, ती त्याच्या तोंडावर बोलली होती, आणि आपल्या सोयीचं तेवढं कानात गेल्यावर त्यानं कान मिटून घेतले होते.

आत्या स्वतः बोलायला लागली. "दहातलं नऊ टाकाऊ असतं, पण सगळ्यातच..." माइक अध्यक्षांच्या हातात होता. वकिलांनी टाळ्या सुरू केल्या. पाहुण्यांना वाटलं टाळ्यांची वेळ झाली, त्यांनीही वाजवल्या. मी लहानपणापासून नाटकांत कामं करते, टाळ्या पुष्कळ ऐकल्यात, पण टाळ्या वाजवून माणसाचा गळा दाबता येतो हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. टाळ्या थांबेपर्यंत आत्यानं कंबरेच्या किल्ल्या काढून गोल टेबलावर ठेवल्या होत्या आणि ती जिना उतरत होती. तिची नोकरी अशी संपली. वाक्य मात्र पुढे गेलं. पाहुण्यांनी ते आपल्या गावी नेलं, तिथून कुणी आणखी कुठं. जिथं गेलं तिथं अर्धंच गेलं.

ड्रायव्हर घरी आला तिची समजूत घालायला. "बाई, आपण पुन्हा जमवू. मी आणतो, बाकीचे आणतील."

"जमवू?" आत्या उसळली. "दहातलं एक हाती लागायला नऊ वाचावी लागतात, बाळा! तू वाचलीस, त्या शिंपिणीनं वाचली, आता जिवंत नसलेल्या लोकांनी वाचली. ती मेहनत होती त्या गठ्ठ्यांत. पुस्तकं आणशील बाजारातून. ती मेहनत कुठून आणशील?"

तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला. बाबा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिथूनच म्हणाले, "ताई, एक विचारू? चिडणार नसशील तर."

"चिडणार आहे. विचार."

"तुझं ते उरलेलं अर्धं. काचेच्या कपाटांतलीपण दहातली नऊ टाकाऊ, असं तू म्हणालीस. ती तरी तू वाचली होतीस का?"

बाबांनी घाईघाईनं एक टॉवेल उगाच पुन्हा पिळला.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयाची साधी सभासद झाली. नव्या ग्रंथपालाला म्हणाली, "हे पहिलं कपाट उघड. डावीकडून सुरू करते." तेव्हापासून आमच्या घरात पुन्हा तेच आवाज. "भिकार!" "काय हे, ह्याला आजोबांशिवाय विषयच नाही!" अध्यक्षांचे निबंधही तिनं शेवटपर्यंत वाचले, मध्ये एकदाही न ओरडता, आणि मिटून एवढंच म्हणाली, "ठीक आहे. नवांत."

मग एकदा आवाज बंद झाला. आम्ही दारातून डोकावलो. तिच्या हातात कवितांचं एक बारकंसं पुस्तक, मळकट निळ्या पुठ्ठ्याचं, आणि दुसऱ्या हातात भाजी चिरायची सुरी.

"आत्या, सुरी कशाला?"

"पानं कापतेय. छापखान्यातून आली तशी जोडलेलीच आहेत." ती वळली, आणि मला आधी वाटलं ती रडतेय, पण नाही, ती रागानं लाल झाली होती. "एवढी वर्षं! हे इथं काचेआड, कुलपात! रोज ह्याच्यासमोर उभे राहून साहित्य साहित्य करत होते, आणि एकानं, एका मेल्यानं उघडून बघितलं नाही! माझी फाटकी म्हणून मारली. ह्याला कोरंच मारत होते!"

"चांगलंय?"

"चांगलंय? अगं, हे दहातलं एक आहे!" आणि पायात चपला सरकवून, ते पुस्तक छातीशी धरून, ती निघालीच. मी मागोमाग.

शिंपीणबाईंच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि मशीन सुरू.

"हे वाच," आत्या म्हणाली.

शिंपीणबाईंनी तिरक्या नजरेनं बघितलं. "कविता? छे. मला नाही कळत त्यातलं."

"मी वाचते. तू ऐक."

"मला उद्या द्यायचेत हे सगळे."

"तू शिव ना! तुला कोण थांबवतंय?"

आत्यानं कापडाच्या ठाणावरच बैठक मारली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. पायडलचा खडखडाट चालूच होता. एक कविता झाली. दुसरी अर्धी झाली. शिंपीणबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, पण पाय काही थांबवला नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाचा. मशीनचा आवाज होतोय."

आणि आत्या, चिडूनच, मोठ्यानं वाचायला लागली.